पुलाच्या नावातला माणूस

पुण्यातला म्हात्रे पूल आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. एरंडवण्याकडून नवी पेठेकडे जाताना मुठा नदी ओलांडायची तर हाच पूल लागतो. डीपी रस्त्यावरच्या एखाद्या कार्यालयात लग्न असले की निमंत्रणपत्रिकेवर 'म्हात्रे पुलाजवळ' एवढा पत्ता पुरतो. रिक्षावाल्याला दुसरे काही सांगावे लागत नाही. पण हे म्हात्रे कोण, असे विचारून पाहा. गेल्या गणेशोत्सवात, आरतीनंतर चहा घेत बसलेल्या मंडळींना मी हा प्रश्न टाकला. कुणी शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांचे नाव घेतले, कुणी 'नगरसेवक असतील जुने' म्हणाले, तर एका वहिनींनी 'पूल बांधणारे इंजिनिअर असावेत' असे सांगून माझ्याकडे कौतुकाने पाहिले! बरोबर उत्तर दिले ते फक्त एका काकांनी. ते १९७० च्या दशकापासून बर्मिंगहॅमला आहेत. ते म्हणाले, "अरे, आपले रवींद्र म्हात्रे. इथेच मारलं त्यांना." आणि मग बराच वेळ कुणी काही बोलले नाही.

रवींद्र हरेश्वर म्हात्रे हे भारताच्या बर्मिंगहॅममधील कचेरीत राजनैतिक अधिकारी होते. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्यांचे अपहरण होऊन खून झाला, तेव्हा त्यांचे वय ४८ वर्षांचे होते. मी त्या वेळी चार वर्षांचा होतो आणि पुण्यात होतो, त्यामुळे माझी स्वतःची अशी काहीच आठवण नाही. पण गेली काही वर्षे मी याच मिडलंड्समध्ये राहतो, आणि ज्या रस्त्यांवरून रोज कामाला जातो त्यांपैकी काही त्या घटनेचे साक्षीदार आहेत. म्हणून हा लेख.

आधी घटनेची पार्श्वभूमी पाहू, कारण काश्मीरचे भांडण बर्मिंगहॅमच्या एका शांत वस्तीत कसे पोचले, हे समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

पाकिस्तानच्या ताब्यातील काश्मीरमध्ये मीरपूर नावाचा जिल्हा आहे. १९६० च्या दशकात तिथे झेलम नदीवर मंगला धरण बांधले गेले. १९६७ मध्ये ते पूर्ण झाले आणि जुने मीरपूर गाव व आसपासची अनेक खेडी पाण्याखाली गेली. सुमारे एक लाख माणसे विस्थापित झाली. आपल्याकडे कोयनेच्या धरणग्रस्तांची जी कहाणी, तीच थोड्या फरकाने यांची. मीरपुरी माणसे त्याआधीपासून बोटींवर आणि गिरण्यांत कामाला इंग्लंडात येतच होती. धरणानंतर तो ओघ वाढला. बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड, ल्यूटन या शहरांतल्या ज्यांना आपण सरसकट 'पाकिस्तानी' म्हणतो, त्यांतले पुष्कळजण मुळात मीरपूरचे आहेत. गाव बुडालेली माणसे गावाचे राजकारण मनात घेऊनच येतात. १९७७ मध्ये जम्मू काश्मीर लिबरेशन फ्रंट ही संघटना स्थापन झाली ती श्रीनगरात नव्हे, मुझफ्फराबादेतही नव्हे, तर बर्मिंगहॅममध्ये. अमानुल्ला खान हे तिचे प्रमुख.

या मंडळींचा नायक होता मकबूल बट. कुपवाड्याकडच्या त्रेहगामचा हा माणूस. १९६६ मध्ये गुन्हे शाखेचे इन्स्पेक्टर अमरचंद यांचा खून झाला, त्या प्रकरणी १९६८ साली श्रीनगरचे न्यायाधीश नीलकंठ गंजू यांनी त्याला फाशीची शिक्षा दिली. त्याच वर्षअखेरीस तो तुरुंग फोडून पाकिस्तानात पळाला. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले, त्यामागेही त्याचेच नाव घेतले जाते. १९७६ मध्ये तो पुन्हा काश्मीर खोऱ्यात आला, पकडला गेला, आणि पुढची वर्षे फाशीच्या छायेत दिल्लीच्या तिहार तुरुंगात होता.

आता तो शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९८४.

म्हात्रे संध्याकाळी कचेरीतून निघाले. त्यांचे घर शहराच्या नैर्ऋत्येला, बार्टली ग्रीन भागात होते. ज्यांनी तो भाग पाहिला आहे त्यांना तिथला तलाव आठवेल. राजनैतिक अधिकारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झेंडा लावलेली मोटार येते, पण म्हात्रे बसने घरी जात. त्या दिवशी मुलीचा वाढदिवस होता आणि त्यांच्या हातात केकचा खोका होता. बसमधून उतरून घराकडे चालत असताना त्यांना पकडून मोटारीत कोंबण्यात आले. थांब्यापासून घरापर्यंतचे ते अंतर आपल्यातला प्रत्येकजण इथे रोज चालतो. फेब्रुवारीतला अंधार, ओला फुटपाथ, घरी वाट पाहणारी माणसे. यात काहीच असाधारण नाही, आणि म्हणूनच ते वाचताना अंगावर काटा येतो.

'काश्मीर लिबरेशन आर्मी' असे नाव घेतलेल्या, तोवर फारशा कुणाला माहीत नसलेल्या गटाचे पत्र रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या हाती पडले. मागणी होती दहा लाख पौंडांची आणि मकबूल बट व इतर कैद्यांच्या सुटकेची. म्हात्र्यांना शहरातच, अ‍ॅलम रॉक भागातल्या एका घरात डांबून ठेवले होते. मुदत इतकी थोडी होती की दिल्लीतल्या सरकारला एखादा निर्णय घ्यायचा असता तरी तो अमलात आणणे जवळजवळ अशक्य होते. तिहारमधला कैदी लंडनमधल्या पत्रावरून शनिवार-रविवारात सुटत नसतो. भारत सरकारने मागण्या मान्य केल्या नाहीत. दोन दिवसांनी, बर्मिंगहॅमच्या पूर्वेला लेस्टरशायरमधल्या हिंकली गावाजवळच्या एका शेतरस्त्यावर म्हात्र्यांचा मृतदेह सापडला. त्यांना गोळ्या घालून मारले होते.

त्यानंतर सहाच दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९८४ रोजी, मकबूल बटला तिहारमध्ये फाशी देण्यात आली आणि तुरुंगाच्या आवारातच पुरण्यात आले. त्याची फाशी वर्षानुवर्षे रखडलेली होती. म्हात्र्यांच्या खुनानंतर ती एका आठवड्याच्या आत झाली. ज्याला सोडवण्यासाठी अपहरण केले, त्याचा मृत्यू अपहरणकर्त्यांनीच जवळ आणला, असे म्हटले तर चूक होणार नाही. सरकारच्या घाईबद्दल तेव्हाही प्रश्न विचारले गेले आणि आजही विचारले जातात. फाशी ही सूडाची वेळ साधून द्यावी का, हा प्रश्न रास्तच आहे. पण तो विचारताना म्हात्रे हे नाव नुसते तारखेपुरते येते, हे माझ्या मनाला लागते.

ब्रिटिश पोलिसांनी तपास केला. १९८५ साली दोघांना खुनाबद्दल जन्मठेप झाली. अमानुल्ला खान यांना १९८५ मध्ये अटक झाली, पण ती स्फोटक द्रव्यांच्या वेगळ्या आरोपाखाली. त्यातून ते सुटले आणि १९८६ च्या अखेरीस त्यांना पाकिस्तानात पाठवून देण्यात आले. शिक्षा झालेल्या दोघांची नावे मी इथे मुद्दामच देत नाही. ज्याला हवी त्याला ती सहज सापडतील. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

पुढची कडी काश्मीरमध्ये जुळली. ४ नोव्हेंबर १९८९ रोजी, तोवर निवृत्त झालेल्या न्यायमूर्ती गंजूंना श्रीनगरच्या भर बाजारात गोळ्या घालण्यात आल्या. म्हणजे अमरचंद, म्हात्रे, गंजू. एका मकबूल बटच्या कहाणीभोवती निदान ही तीन प्रेते पडलेली आहेत. ११ फेब्रुवारीला खोऱ्यात बटच्या नावाने हरताळ होत आले. त्याच्यावर पुस्तके आहेत, त्याची चित्रे भिंतींवर लागतात. अमरचंद यांच्याबद्दल दोन वाक्यांहून जास्त मजकूर मला कुठे मिळाला नाही.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. अभियांत्रिकीत डॉक्टरेट करताना आणि नंतर नोकरीत एक गोष्ट पक्की कळली. माहिती साठवणे सोपे असते, ती कुठल्या शब्दाखाली लावून ठेवली यावर ती पुन्हा सापडणार की नाही हे ठरते. वाण्याच्या दुकानात हळद कुठल्या डब्यात आहे हे वाण्यालाच ठाऊक नसेल, तर ती असून नसल्यासारखी. इतिहासाचेही तसेच आहे. १९८४ ची ही घटना 'मकबूल बट' या डब्यात आहे, 'काश्मीर प्रश्न' या डब्यात आहे, 'ब्रिटनमधील दहशतवाद' या डब्यात आहे. 'रवींद्र म्हात्रे' अशी चिठ्ठी लावलेला डबा मात्र फार थोड्या ठिकाणी आहे. मारणाऱ्याच्या हेतूने घटनेला नाव मिळते आणि मेलेला माणूस त्या हेतूचे साधन म्हणून उरतो.

हे एकट्या म्हात्र्यांचे झाले आहे असे नाही. याच बर्मिंगहॅममध्ये २१ नोव्हेंबर १९७४ रोजी दोन पबमध्ये बॉम्ब फुटून २१ माणसे गेली. त्या प्रकरणात सहा निरपराध माणसांना जन्मठेप झाली आणि ती १९९१ मध्ये सुटली. 'बर्मिंगहॅम सिक्स' हे शब्द आज जगाला माहीत आहेत, आणि असायलाच हवेत, कारण त्यांच्यावर घोर अन्याय झाला. पण त्या एकवीस जणांपैकी एकाचे तरी नाव आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

लंडनच्या ईस्ट एंडमध्ये आजही संध्याकाळी पर्यटकांचे घोळके 'जॅक द रिपर'च्या गल्ल्या पाहत फिरतात. १८८८ मध्ये ज्या पाच बायकांचा त्याने खून केला असे मानतात, त्यांच्या आयुष्याबद्दल सविस्तर पुस्तक यायला २०१९ साल उजाडावे लागले. हॅली रूबनहोल्ड या इतिहासकार बाईंनी ते लिहिले. सव्वाशेहून अधिक वर्षे खुन्याच्या ओळखीची कोडी सोडवण्यात गेली, आणि त्या पाचजणी 'वेश्या' या एका शब्दाखाली गाडून टाकल्या गेल्या. प्रत्यक्षात त्यातल्या कुणी गृहिणी होत्या, कुणी घरकामाला होत्या, बऱ्याचजणी गरिबीने आणि दारूने रस्त्यावर आलेल्या होत्या.

आपल्या मराठी वाचकांना जवळचे आणखी एक उदाहरण देतो, जरा नाजूक आहे. १ जुलै १९०९ रोजी लंडनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. इंडिया हाऊस, सावरकर, धिंग्रांची फाशी, १९७६ मध्ये त्यांच्या अस्थी भारतात आणल्या गेल्या, हे सगळे आपल्याला शाळेपासून माहीत. त्याच संध्याकाळी आणखी एक माणूस मेला. डॉ. कावस लालकाका हे शांघायमध्ये व्यवसाय करणारे पारशी डॉक्टर. गोळीबार थांबवायला ते पुढे धावले आणि त्यांनाही गोळ्या लागल्या. त्यांना मारण्याचा आपला इरादा नव्हता असे धिंग्रांनी नंतर न्यायालयात सांगितले. धिंग्रांबद्दल आदर बाळगूनही लालकाकांचे नाव घेता येते. पण आपण घेत नाही. तेव्हा विसरण्याचा दोष परक्यांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

कॅनडातली दोन उदाहरणे तर डोळे उघडणारी आहेत. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटाने कोसळले. ३२९ माणसे गेली. त्यांतली २६८ कॅनडाची नागरिक होती, बहुतेक भारतीय वंशाची. कॅनडाच्या पंतप्रधानांनी शोकसंदेश दिला तो राजीव गांधींना! स्वतःच्या देशातली माणसे गेली आहेत हे त्या देशाच्या लक्षात यायला पंचवीस वर्षे लागली. २०१० मध्ये न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या चौकशीचा अहवाल आला आणि तेव्हाच्या पंतप्रधानांनी सरकारच्या वतीने मृतांच्या नातेवाइकांची माफी मागितली.

त्याच देशात तिथल्या मूळ आदिवासी जमातींच्या स्त्रियांचे काय झाले ते पाहा. तिथल्या राष्ट्रीय पोलिसांनी २०१४ मध्ये जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९८० ते २०१२ या काळात १०१७ आदिवासी स्त्रियांचे खून झाल्याचे आणि १६४ जणी बेपत्ता असल्याचे आढळले. ब्रिटिश कोलंबियातल्या १६ क्रमांकाच्या महामार्गाला लोक 'अश्रूंचा महामार्ग' म्हणतात, इतक्या मुली तिथून नाहीशा झाल्या. व्हँकुव्हरच्या गरीब वस्तीतून वर्षानुवर्षे बायका गायब होत होत्या आणि नातेवाईक तक्रार घेऊन गेले की 'गेली असेल कुठे तरी, येईल' असे उत्तर मिळे. त्या प्रकरणाची चौकशी ज्या आयोगाने केली त्याचे प्रमुख वॉली ओपल हे भारतीय वंशाचे होते. २०१२ च्या त्यांच्या अहवालाचा आशय असा, की या बायका समाजाने टाकून दिलेल्या होत्या, म्हणून त्यांचे नाहीसे होणे कुणाला जाणवलेच नाही. पुढे राष्ट्रीय चौकशी झाली आणि तिचा अंतिम अहवाल जून २०१९ मध्ये आला. नातेवाइकांनी फोटो आणि नावे घेऊन वर्षानुवर्षे मोर्चे काढले नसते, तर हे काहीच झाले नसते.

म्हात्रे गरीब नव्हते, बेवारस नव्हते, एका सार्वभौम देशाचे अधिकारी होते. आदिवासी स्त्रियांच्या दुःखाशी त्यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण कुणाच्या जिवाला किती वजन, हा प्रश्न त्यांच्याही बाबतीत येतोच. ८ डिसेंबर १९८९ रोजी देशाच्या गृहमंत्र्यांच्या मुलीचे श्रीनगरमध्ये अपहरण झाले. पाच अतिरेक्यांना सोडून पाचच दिवसांत तिची सुटका करण्यात आली. १९९९ च्या डिसेंबरात कंदाहारला नेलेल्या विमानातील प्रवाशांसाठी तिघांना सोडले गेले. त्या मुलीचे प्राण वाचले, प्रवाशांचे वाचले, याचा आनंदच आहे. परिस्थिती वेगळी होती, सरकारे वेगळी होती, हेही खरे. तरीही बसने घरी जाणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या वेळी राज्य कठोर राहिले आणि नंतर ते वाकले, हा क्रम नजरेआड करता येत नाही. १९८४ चा नकार तत्त्वाने बरोबर होता असे ज्यांना वाटते, आणि मला तसेच वाटते, त्यांच्यावर तर जबाबदारी जास्त येते. ज्याच्या प्राणांनी त्या तत्त्वाची किंमत मोजली त्याला निदान विसरू तरी नये.

स्मरण कसे करावे याचा धडा याच देशात आहे. म्हात्र्यांच्या खुनानंतर अडीच महिन्यांनी, १७ एप्रिल १९८४ रोजी, लंडनमध्ये लिबियाच्या वकिलातीतून झालेल्या गोळीबारात इव्हॉन फ्लेचर ही तरुण महिला पोलीस ठार झाली. फेब्रुवारी १९८५ मध्ये सेंट जेम्स स्क्वेअरमध्ये तिचे स्मारक उभे राहिले आणि पंतप्रधान थॅचरबाईंनी त्याचे अनावरण केले. खुनाबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही. पण तिच्या शेवटच्या क्षणी जवळ असलेल्या सहकाऱ्याने पाठपुरावा सोडला नाही, आणि २०२१ मध्ये दिवाणी न्यायालयाने एका लिबियन माणसाला त्या हत्येबद्दल संयुक्तपणे जबाबदार ठरवले. सदतीस वर्षांनी! एका माणसाने आठवण धरून ठेवली म्हणून हे घडले. पूर्व लंडनमध्ये १९७८ साली वंशद्वेषातून मारल्या गेलेल्या अल्ताब अली या बांगलादेशी कामगाराचे नाव आज तिथल्या बागेला आहे, तेही त्याच्या लोकांनी चळवळ केली म्हणूनच.

एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, कारण असे लेख वाचून काहींचे रक्त भलत्याच दिशेला तापते. म्हात्र्यांना मारले ते मूठभर माणसांनी. अ‍ॅलम रॉकमधली, स्पार्कहिलमधली हजारो मीरपुरी कुटुंबे आपल्यासारखीच पोटापाण्यासाठी आलेली आहेत. माझ्या गाडीचे काम करणारा मेकॅनिक मीरपूरचा आहे. त्याला मी ही हकीकत सांगितली. त्याने ती कधी ऐकली नव्हती. ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारले, "आणि तो केक?" मला उत्तर देता आले नाही. मेलेल्या माणसाबद्दल जो पहिला प्रश्न माणसाच्या मनात यावा, तो त्याच्या मनात आला, याचे मला बरे वाटले.

तेव्हा आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, दर वर्षी ३ फेब्रुवारीच्या जवळपास आपला तिळगुळाचा किंवा हळदीकुंकवाचा कार्यक्रम असतोच, त्यात दोन मिनिटे रवींद्र म्हात्रे यांच्या स्मरणासाठी ठेवावीत. भाषणे नकोत. कोण होते आणि काय झाले, एवढे मुलांना कळेल अशा शब्दांत सांगावे. दुसरी, १९८४ साली या भागात राहत असलेल्या आपल्या ज्येष्ठ मंडळींच्या आठवणी लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही. म्हात्रे कुटुंबीयांच्या खाजगीपणाला धक्का न लावता हे करता येईल. तिसरी, पुण्याला जाणाऱ्यांनी त्या पुलावरून जाताना बरोबरच्या मुलांना सांगावे की हे म्हात्रे आपल्या इथले, बर्मिंगहॅमचे.

ज्यांच्याकडे त्या दिवसांतली वर्तमानपत्रांची कात्रणे, शोकसभेची पत्रके किंवा नुसत्या आठवणी असतील, त्यांनी त्या संपादकांकडे पाठवाव्यात. जमवून, तारीखवार लावून ठेवण्याचे काम मी आनंदाने करीन. आणि त्या फाईलवर पहिले नाव म्हात्र्यांचे असेल.